दिवाडी बेट आणि श्रीसप्तकोटेश्वराचे मूळस्थान

डिचोली तालुक्यातील नार्वे येथे श्रीसप्तकोटेश्वराच्या दर्शनास असंख्य भाविक जातात. परंतु देवाचे मूळस्थान नदीपलीकडे दिवाडी बेटावर आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. त्या गावाचे नावही नार्वेच असल्याने घोटाळा होतो. म्हणून भाविकांच्या माहितीसाठी आम्ही हा लेख देत आहोत.

भौगोलिक स्थिती

दिवाडी हे गोव्याच्या तिसवाडी तालुक्यातील, मांडवी नदीच्या खाडीतील बेट होय. दक्षिणेस जुने गोवे, वायव्येस चोडण बेट आणि उत्तरेस नदीच्या शाखेपलीकडे डिचोली तालुका आहे. समुद्राची भरती येथवर पोहोचते. मध्यभागी टेकडी असून सभोवार खाजन शेती आहे. खारे पाणी अडविण्यासाठी बांध व मानशी आहेत. जुने गोवे तसेच डिचोलीकडील नार्वे येथून फेरीबोटीने बेटावर जाता येते.

देवस्थानाचा इतिहास

श्रीसप्तकोटेश्वर हे गोव्याच्या कदंब राजांचे कुलदैवत. त्यांच्या सुवर्णनाण्यांवरही देवाचे नाव आढळते. १४ व्या शतकात बहामनी स्वारीत मंदिराची हानी झाली; विजयनगरचा मंत्री माधव याने त्याचा पुनरुद्धार केला.

१५१० मध्ये तिसवाडी पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली व त्याच शतकात मंदिर पाडण्यात आले. येथे बेटाचा भूगोल निर्णायक ठरला. मधली नदी अरुंद. पण तीच राज्याची सीमा होती. पैलतीरी आदिलशाहीचा अंमल असल्याने भाविकांनी शिवलिंग तेथे नेऊन त्याची स्थापना केली. गावाचे नावही देवाबरोबर पैलतीरी गेले. दिवाडीचा श्रीगणपतीही असाच स्थलांतरित होऊन अखेर खांडोळा येथे विसावला.

छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने कार्तिक वद्य पंचमी, शके १५९० (१३ नोव्हेंबर १६६८) रोजी नव्या स्थानी मंदिराच्या बांधकामास प्रारंभ झाला. तसा शिलालेख मंदिरात आहे. गोवा शासनाने जीर्णोद्धार केलेले हे मंदिर फेब्रुवारी २०२३ मध्ये भाविकांसाठी खुले झाले.

बेटावरील अवशेष

जुन्या नार्व्यात कदंबकालीन कोटीतीर्थ ही जांभ्या दगडाची पायऱ्यांची तळी असून तिच्या भिंतींत देवळ्या आहेत. पिएदाद येथील दफनभूमीतील लहान चॅपेलमध्ये कदंब शैलीचे कोरीव दगडी छत पाहावयास मिळते.

भाविकांस विनंती

पैलतीरीचे मंदिर नांदते आहे. मूळस्थानी मात्र पूजा नाही, घंटा नाही, केवळ तीर्थ उरले आहे. आपण सर्वांनी नार्व्यास गेल्यावर फेरीबोटीने नदी ओलांडून त्याचेही दर्शन घ्यावे. तळीत निर्माल्य टाकू नये, दगड हलवू नयेत आणि मुलाबाळांस हा इतिहास अवश्य सांगावा, ही आमची नम्र विनंती.

॥ श्रीसप्तकोटेश्वरार्पणमस्तु ॥