मोटारीतला रेडिओ आणि तीन सोंगे

ग्रंथांचा इतिहास लिहिला जातो; ग्रंथ वाचकापर्यंत नेणाऱ्या बांधणीवाल्याचा, फेरीवाल्याचा सहसा लिहिला जात नाही. यंत्रांच्या बाबतीतही हेच घडते. १९७९ चा वॉकमन आणि २००१ चा आयपॉड यांच्यावर पुस्तके आहेत, संग्रहालयांत त्यांच्यासाठी काचेची कपाटे आहेत. पण त्या यंत्रांतले गाणे मोटारीच्या स्टिरिओपर्यंत नेणारी, शेपटीसारखी वायर लोंबणारी प्लॅस्टिकची रिकामी कॅसेट मात्र भंगारात गेली. प्रस्तुत लेख त्या मधल्या वस्तूंविषयी आहे. ऐकण्याच्या संस्कृतीचा अभ्यास करू पाहणाऱ्याने त्यांच्याकडे पाहायला हवे असे मला वाटते, कारण गाडीत काय ऐकायचे हे कोणी ठरवायचे, हा प्रश्न पाऊण शतक या किरकोळ वस्तूंभोवती घोटाळत राहिला आहे.

कथा मुख्यतः अमेरिकेतली आहे. १९३० साली शिकागोच्या गॅल्व्हिन मॅन्युफॅक्चरिंग कॉर्पोरेशनने मोटारीत बसवता येईल असा रेडिओ बाजारात आणला. ‘मोटोरोला’ हे नाव मुळात त्या रेडिओचे; कंपनीने ते पुढे स्वतःला घेतले. हा रेडिओ गाडीबरोबर येत नसे. तो वेगळा विकत घ्यायचा आणि कारागिराकडून बसवून घ्यायचा. पुढच्या दोन-तीन दशकांत मोटार कारखान्यांनी हे काम हळूहळू आपल्याकडे घेतले आणि आपल्याकडे ज्याला ‘कंपनी फिटेड’ म्हणतात तो रेडिओ गाडीचा एक अवयव झाला.

प्रक्षेपण सोडून आपल्या आवडीचे संगीत गाडीत ऐकण्याची सोय कारखान्याने केली ती १९५६ च्या क्रायस्लर गाड्यांत. सीबीएस प्रयोगशाळेचे पीटर गोल्डमार्क यांनी तयार केलेल्या या यंत्राचे नाव ‘हायवे हाय-फाय’. डॅशबोर्डाखाली एक छोटी ग्रामोफोन तबकडी मिनिटाला १६⅔ फेरे घेत फिरे. धक्क्यांनी सुई उडू नये याची बरीच काळजी घेतलेली होती. पण घरातली एकही तबकडी त्यावर चालत नसे. त्यासाठी खास आकाराच्या, खास गतीच्या तबकड्या घ्याव्या लागत आणि त्या कोलंबियाच्याच असत. तीन-चार वर्षांत हा प्रयोग गुंडाळला गेला. त्याच्या अपयशाला यांत्रिक कारणे होतीच. पण ज्या यंत्राला मालकाने आधीच जमवलेले संगीत वाजवता येत नाही, त्यावर मालकाचे प्रेम जडत नाही, हेही त्यातून दिसले. १९६५ साली फोर्डने दिलेल्या एट-ट्रॅकने आणि त्यानंतर रुळलेल्या फिलिप्सच्या कॅसेटने हा दोष दूर केला. विशेषतः कॅसेटने. कोरी कॅसेट कोणालाही मिळे आणि तिच्यावर काहीही भरता येई. कॅसेटच्या फटीतून आपल्या पसंतीचे संगीत विनापरवाना गाडीत शिरू लागले. परदेशी निघालेल्या मराठी कुटुंबाच्या बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी नाट्यगीतांच्या आणि भावगीतांच्या कॅसेटी असत, त्या याच फटीच्या भरवशावर.

याच काळात रेडिओची जागाही प्रमाणित झाली होती. १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच असा एक चौकोन डॅशबोर्डात ठेवायचा, हा मूळचा जर्मन संकेत पुढे आंतरराष्ट्रीय मानक झाला. जुना स्टिरिओ काढून त्याच चौकोनात दुसरा सरकवता येई. मात्र जे मालकाला सहज काढता येई, ते चोरालाही येई. चोऱ्या टाळण्यासाठी, आणि डॅशबोर्ड एकसंध व देखणा दिसावा म्हणून, १९९० च्या दशकापासून अनेक कारखान्यांनी स्टिरिओला निराळा आकार दिला आणि त्याची बटणे वातानुकूलनाच्या, घड्याळाच्या, पुढे पडद्याच्या बटणांत मिसळून टाकली. प्रमाण चौकोन अशा गाड्यांतून नाहीसा झाला. चोराबरोबर मालकाचीही वाट बंद झाली.

नेमक्या या वेळी बाहेरच्या जगाची गती वाढली. मोटारीचे नवे मॉडेल आखायला काही वर्षे लागतात आणि बनलेली गाडी दहा-पंधरा वर्षे रस्त्यावर राहते. खिशातले वाद्ययंत्र वर्षा-दोन वर्षांत जुने होते. एक्सएम या कंपनीने उपग्रहावरून नभोवाणी सुरू केली २५ सप्टेंबर २००१ रोजी. अॅपलने आयपॉड जाहीर केला २३ ऑक्टोबर २००१ रोजी. एका महिन्याच्या आत ऐकण्याच्या दोन परस्परविरोधी कल्पना मोटारीच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. एकीत कोणीतरी दूरवर बसून शंभर वाहिन्यांवर काय लावायचे ते ठरवत होते. दुसरीत हजार गाणी ज्याने त्याने स्वतः निवडून खिशात घातली होती. दोघींनाही आत घेण्याची सोय तेव्हा रस्त्यावर असलेल्या बहुतेक गाड्यांत नव्हती. कंपनी फिटेड स्टिरिओला तीनच पाहुणे ठाऊक होते: कॅसेट, आकाशवाणी केंद्र आणि डिकीतला सीडी चेंजर. नव्याला आत जायचे तर या तिघांपैकी एकाचे सोंग घेणे भाग होते.

पहिले सोंग कॅसेटचे. हे मुळात १९८० च्या दशकात, खिशातल्या सीडी प्लेयरसाठी निघाले होते. पुढे आयपॉडला आयते मिळाले. कॅसेट डेकमधला ‘हेड’ म्हणजे मुळात एक वेटोळे. समोरून सरकणाऱ्या फितीवरचे चुंबकीय चढउतार त्याला जाणवतात आणि त्यांचा विद्युत्प्रवाह होतो. या नकली कॅसेटमध्ये फीत नसते. फितीच्या जागी तसाच एक हेड डेकच्या हेडसमोर येईल असा बसवलेला असतो. प्लेयरकडून वायरीने आलेला प्रवाह त्यात चढउतार निर्माण करतो आणि डेक ते फितीचेच समजून वाचतो. पण एवढ्याने भागत नसे. अनेक डेक चाके फिरताहेत की नाही हे तपासत. चाक अडले की फीत संपली असे समजून बाजू उलटत किंवा कॅसेट बाहेर ढकलत. म्हणून आत छोटी दंतचक्रे बसवावी लागत. ती कोणतीही फीत न गुंडाळता नुसती फिरत राहत आणि त्यांची बारीक करकर गाण्याच्या शांत जागी ऐकू येई. सोंग वठवण्याची ही किंमत होती. ज्यांनी अशी कॅसेट वापरली आहे त्यांच्या स्मरणात एखादी ठुमरी त्या करकरीसकटच राहिली असेल.

दुसरे सोंग आकाशवाणी केंद्राचे. ज्या गाडीत कॅसेटची फट नव्हती, तिथे प्लेयरला एक चिमुकला एफएम प्रक्षेपक जोडायचा, मोकळी कंप्रता शोधायची आणि रेडिओ तिथे लावायचा. एका गाडीपुरते, एका श्रोत्याचे केंद्र. अमेरिकी नियमाप्रमाणे विनापरवाना प्रक्षेपकाची तीव्रता तीन मीटरवर मीटरमागे २५० मायक्रोव्होल्टपेक्षा अधिक असता कामा नये. ब्रिटनमध्ये तर अशा यंत्रांना मुभा मिळाली ती ८ डिसेंबर २००६ पासून. ओसाड महामार्गावर ही युक्ती उत्तम चाले. शहर जवळ येऊ लागले की त्याच कंप्रतेवरचे खरे केंद्र हळूहळू वर येई, दोन आवाज काही काळ एकमेकांत मिसळत आणि शेवटी बलवान केंद्र खिशातल्या गाण्याला गिळून टाकी.

उपग्रह नभोवाणीची अडचण याहून गुंतागुंतीची होती. अमेरिकेच्या संपर्क आयोगाने १९९७ साली लिलावाने दोन परवाने दिले. एक्सएमने ‘रॉक’ आणि ‘रोल’ असे नाव दिलेले दोन भूस्थिर उपग्रह वापरले. सिरियसने तीन उपग्रह लंबवर्तुळाकार कक्षेत फिरते ठेवले आणि २००२ मध्ये सेवा सुरू केली. उंच इमारतींच्या सावलीत आवाज तुटू नये म्हणून शहरांतून जमिनीवरचे पुनःप्रक्षेपक उभारले गेले. छत्तीस हजार किलोमीटरवरून आवाज गाडीच्या टपावरच्या, आगपेटीएवढ्या चुंबकी अँटेनापर्यंत सुखरूप येई. तेथून स्टिरिओपर्यंतचे शेवटचे दीड-दोन मीटर मात्र अवघड होते. अँटेनाची वायर मागच्या काचेच्या रबराखालून, गालिच्याच्या कडेने पुढे आणायची, डॅशबोर्डावर चिकटवलेल्या ग्राहकयंत्राला जोडायची आणि पुन्हा तोच चिमुकला एफएम प्रक्षेपक किंवा तीच नकली कॅसेट! ज्यांना नीटनेटके काम हवे ते गाडीच्या मूळ अँटेनाची वायर तोडून मध्ये ‘मॉड्युलेटर’ बसवून घेत. उपग्रहाचा आवाज मग हवेतून न जाता वायरीतूनच रेडिओत शिरे.

या सोंगाचे पर्यवसान एका जाहीर तंट्यात झाले. उपग्रह-ग्राहकयंत्रांतले काही प्रक्षेपक मर्यादेपेक्षा बलवान निघाले. सार्वजनिक नभोवाणीचे कार्यक्रम ऐकत सिग्नलला थांबलेल्या श्रोत्याला शेजारच्या गाडीतला भलताच निवेदक ऐकू येऊ लागला. तक्रारी वाढल्या, २००६ मध्ये आयोगाने विचारणा केली आणि दोन्ही कंपन्यांना काही यंत्रांची रवानगी थांबवून ती सुधारावी लागली. खाजगी ऐकणे सार्वजनिक हवेतून नेले की ते खाजगी राहत नाही, हा धडा मोबाइलवर मोठ्याने गाणी लावण्याच्या आजच्या काळातही जुना झालेला नाही.

भारताचा या कथेशी संबंध येतो तो वर्ल्डस्पेसमुळे. २००० साली सोडलेल्या तिच्या ‘एशियास्टार’ उपग्रहावरून आपल्याकडेही सशुल्क नभोवाणी आली, आणि तिची ‘गंधर्व’ ही हिंदुस्थानी संगीताची वाहिनी अनेक रसिकांना प्रिय होती. पण अँटेना खिडकीत ठेवून आकाशाच्या ठरावीक दिशेला रोखावा लागे. शहरांतून पुनःप्रक्षेपकांचे जाळे नसल्याने चालत्या गाडीसाठी ही सेवा उभी राहू शकली नाही. २००८ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि ३१ डिसेंबर २००९ रोजी भारतातली सेवा बंद झाली.

तिसरे सोंग सर्वांत चतुर. डिकीत सहा-दहा सीडींचा चेंजर बसवता यावा म्हणून अनेक कंपनी फिटेड स्टिरिओंच्या पाठीमागे एक खोबण असे. तिच्यातून आवाज येई आणि शिवाय निरोपांची देवघेवही चाले. स्टिरिओ विचारी, चेंजर उत्तर देई. ही सांकेतिक भाषा प्रत्येक कारखान्याची निराळी होती आणि ती बाहेर सांगितली जात नसे. छोट्या उत्पादकांनी आणि हौशी तंत्रज्ञांनी त्या खोबणीतल्या संवादावर कान ठेवून एकेक बोली उकलली आणि चेंजरसारखे बोलणाऱ्या डब्या तयार केल्या. ज्या खोबणीत चेंजर नाही तिथे ‘मी चेंजर आहे, माझ्यात सहा सीडी आहेत’ असे ही डबी सांगे आणि स्टिरिओ विश्वास ठेवी. उपग्रह-ग्राहकयंत्रांसाठीही अशा डब्या निघाल्या. आवाज स्वच्छ येई. सुकाणूवरची बटणे चालत. पण आयपॉडमधला सगळा संग्रह स्टिरिओला समजेल अशा शब्दांत, म्हणजे सीडीच्या आणि गाण्याच्या क्रमांकांत, सांगावा लागे. पडद्यावर रागाचे नाव नाही, गायिकेचे नाव नाही; फक्त ‘सीडी ३, गाणे १७’. ज्या भाषेत भाषांतर करायचे तिच्यात शब्दच नसले की काय हरवते, हे अनुवादाच्या अभ्यासकांना निराळे सांगायला नको.

जून २००४ मध्ये बीएमडब्ल्यूने अॅपलच्या सहकार्याने हातमोज्यांच्या कप्प्यात आयपॉडची अधिकृत वायर दिली. हळूहळू डॅशबोर्डावर ३.५ मिलिमीटरचे साधे भोक दिसू लागले. या भोकाला कोणतीही सांकेतिक भाषा येत नव्हती, म्हणून त्याला कोणाशीही बोलता येई. त्यातही कधी प्लेयर चार्जिंगला लावला की इंजिनाची शीळ स्पीकरमधून ऐकू येई आणि वेग वाढवताच तिचा स्वर चढे. तरीही श्रोत्यावर एवढा विश्वास टाकणारी सोय कारखान्याने त्याआधी क्वचितच केली होती.

हे सारे कोणासाठी महत्त्वाचे होते? ज्याची भाषा, ज्याची आवड स्थानिक रेडिओवर होतीच त्याला वायरीची निकड कमी होती. न्यू जर्सीत किंवा ह्यूस्टनमध्ये रोज तासभर गाडी हाकणाऱ्या मराठी माणसाला मात्र एफएमवर मराठी गाणे मिळणार नव्हते, आणि उपग्रहाच्या त्या शंभर वाहिन्यांतही मराठीची वाहिनी नव्हती. निवड दुसऱ्याच्या हाती असते तेव्हा छोट्या भाषेची पाळी क्वचितच येते, मग वाहिन्या दहा असोत की शंभर. तिची पाळी येण्याचा मार्ग त्या लोंबणाऱ्या वायरीतून जात होता.

असो. कंपनी फिटेड कॅसेट डेक असलेली शेवटची नवी गाडी अमेरिकेत २०१० ची लेक्सस ठरली. एक्सएम आणि सिरियस २००८ मध्ये एकत्र आल्या आणि उपग्रह-रेडिओ कारखान्यातूनच बसवून येऊ लागला. २०१४ मध्ये कारप्ले आणि पाठोपाठ अँड्रॉइड ऑटो आले. फोन उघडपणे, स्वतःच्या नावाने डॅशबोर्डावर दिसू लागला. आयपॉडचे उत्पादन २०२२ मध्ये थांबले. सोंगांचा काळ संपला असे म्हणावे, तर २०२३ मध्ये जनरल मोटर्सने आपल्या पुढच्या विजेच्या गाड्यांत कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो न देण्याचा निर्णय जाहीर केला. गाडीत काय ऐकायचे त्याची सोय कारखान्याचीच प्रणाली करील. ‘हायवे हाय-फाय’च्या खास तबकड्यांची या वेळी आठवण होणे साहजिक आहे. फरक एवढाच की त्या काळी कारखान्याने बंद केलेले दार पुढे कॅसेटच्या फटीने उघडले. नव्या डॅशबोर्डावर अशी फट कुठे राहिली आहे, हे आता शोधावे लागेल. शोधणारे निघतील, असे आजवरच्या इतिहासावरून वाटते.