काचेच्या पेटीतला उन्हाळा : मासे गार ठेवण्याचा इतिहास

धागा थोडा लांब आहे. चैत्र-वैशाखात ज्यांच्या घरातले मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करतात, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावा.

चारोटीचे नाव बहुतेकांना मुंबई-अहमदाबाद महामार्गावरचा नाका म्हणून ठाऊक असते. जवळच विवळवेढ्याची महालक्ष्मी आहे. तिची यात्रा चैत्र पौर्णिमेच्या सुमारास भरते, म्हणजे ऐन उन्हात. त्याच दिवसांत सूर्या नदीच्या पात्रातले खडक उघडे पडतात आणि मासे डोहांकडे सरकतात. नदीतल्या माशाला निदान सरकायला जागा असते. पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या घरात, भिंतीला लागून ठेवलेल्या दोन फुटी काचेच्या टाकीतला मासा कुठे सरकणार? या धाग्याचा विषय हीच टाकी आहे. ती थंड आणि मंद उन्हाच्या देशात जन्मली. आपण ती घेतली, पण आपल्याकडे पाणी गार राखण्याची जी जुनी जाण होती, ती मात्र टाकीबाहेरच राहिली.

आधी मासा उन्हाळ्यात नेमका कशाने मरतो ते पाहू. थेट उष्णतेने मरतो त्याहून अधिक वेळा तो गुदमरून मरतो. २० अंश सेल्सियसच्या गोड्या पाण्यात दर लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांना तो साडेसातवर येतो आणि ३५ अंशांना सातच्याही खाली. याच वेळी माशाच्या शरीराचा वेग वाढलेला असतो. ढोबळमानाने पाणी १० अंशांनी तापले की त्याची प्राणवायूची गरज दुपटीच्या आसपास जाते. पुरवठा घटतो आणि मागणी वाढते. उरलेले खाद्य, विष्ठा आणि कुजलेली पाने यांवर जगणारे जिवाणूही त्याच प्राणवायूवर हात मारतात. आपल्या ओढ्यांतली मरळ आणि मागूर हवेतूनही श्वास घेऊ शकतात, म्हणून आटत्या डबक्यातही तगतात. दुकानातला फायटर मासाही त्याच पंथाचा. पण गोल्डफिश मूळचा चीनच्या तळ्यांतला, गार पाण्याचा जीव. आपल्याकडे बहुधा त्यालाच सर्वांत उष्ण कोपरा मिळतो, कारण दिवाणखान्यात तो खिडकीजवळ शोभून दिसतो!

आता काचेच्या पेटीकडे वळू.

१८५० मध्ये लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग मांडला : काचेच्या भांड्यात गोल्डफिश, एक पाणवनस्पती आणि थोड्या गोगलगायी. वनस्पती प्राणवायू देईल, गोगलगायी कुजकट खातील, पाणी बदलावे लागणार नाही. त्याच्याआधीही असे प्रयत्न झाले होते. सागरी जीवांचा अभ्यास करणाऱ्या जान व्हिलप्र-पॉवर यांनी १८३० च्या दशकातच सिसिलीत काचेच्या टाक्या वापरल्या होत्या. तरी घरोघरी पोहोचण्याजोगी कल्पना वॉरिंग्टनच्या भांड्यातून निघाली. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांच्या पुस्तकाने ‘ॲक्वेरियम’ हा शब्द घराघरात नेला. मध्यमवर्गीय लंडनमध्ये टाकी ठेवण्याची अक्षरशः साथ आली.

आणि लगेच उन्हाचा प्रश्नही आला. थंड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या देशात! लंडनचे मत्स्यगृह लोखंड आणि काच यांचे होते, रोपे वाढवण्याच्या काचघरासारखे. रोपांना जे मानवते ते माशांना मानवत नाही. वॉरिंग्टननेही पुढे टाकीची मागची बाजू तिरकी आणि अपारदर्शक करून उजेड फक्त वरून येईल अशी रचना केली; नैसर्गिक डबक्यात प्रकाश वरूनच येतो, बाजूंनी नाही, ही साधी गोष्ट त्याने हेरली होती. चारही बाजूंनी काच ही माशाची गरज नव्हे, ती पाहणाऱ्याची हौस आहे.

या गोष्टीतला माझा आवडता माणूस मात्र विल्यम आल्फर्ड लॉइड. लंडनमध्ये मत्स्यपेट्यांचे दुकान चालवणारा हा गृहस्थ पुढे हांबुर्ग (१८६४) आणि लंडनचे क्रिस्टल पॅलेस (१८७१) येथील मोठ्या मत्स्यालयांचा रचनाकार झाला. त्याने पाण्याचे दोन भाग केले. लोकांना दिसते ते थोडे पाणी, आणि त्याच्या कित्येक पट पाणी जमिनीखालच्या काळोख्या हौदात. पंप ते सतत वर चढवतो, ते टाक्यांतून वाहते आणि पुन्हा खाली उतरते. जमिनीखाली उन्हाळा-हिवाळा फारसा पोहोचत नाही, म्हणून सगळ्या पाण्याचे तापमान स्थिर राहते. नेपल्सच्या प्रसिद्ध प्राणिशास्त्र केंद्राचे मत्स्यालय १८७४ मध्ये उघडले, त्यातही लॉइडचा सल्ला होता. वाहते पाणी, खोल हौद आणि अंधार या तीन गोष्टींवर त्याचे सारे शास्त्र उभे होते.

हे वाचताना दख्खनचा इतिहास वाचणाऱ्याला काहीतरी ओळखीचे वाटले पाहिजे.

औरंगाबादची (आताचे छत्रपती संभाजीनगर) पाणचक्की आठवा. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या परिसरातली ही चक्की अठराव्या शतकाच्या मध्यातली. शहराबाहेरच्या झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून येते, उंच भिंतीवर चढते आणि तिथून पडद्यासारखे समोरच्या लांबट हौदात कोसळते. हौदात मासे आहेत, शेजारी प्रचंड वड आहे. आणि खरी गंमत हौदाच्या तळाशी आहे : हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत! वर पाणी, खाली खांबांचे प्रशस्त दालन. उन्हाळ्यात यात्रेकरूंनी तिथे विसावावे अशी सोय. पाणचक्की आपल्याला दळणाचे यंत्र म्हणून शिकवली जाते. माशांच्या बाजूने तिच्याकडे पाहिले तर वेगळेच दिसते. जमिनीखालून आल्यामुळे पाणी वाटेत तापत नाही. उंचावरून फुटून पडल्यामुळे त्यात हवा मिसळते. आज एअर पंपाचे बुडबुडे जे काम करतात तेच. वडाची सावली आणि हौदाचा विस्तार बाष्पीभवनाला हात देतात. जास्तीचे पाणी पुढे खाम नदीकडे निघून जाते. लॉइडच्या शंभरेक वर्षे आधीची ही रचना माशांसाठी केलेली नव्हती हे खरे. पण माशांना हवे ते सगळे तिच्यात आहे.

त्याआधीचाही एक दुवा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ असे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात माशांच्या जाती, त्यांची वसतिस्थाने, त्यांना घालायचे खाद्य आणि गळाने पकडण्याची रीत येते. हा पाळण्याचा ग्रंथ नव्हे, मृगयेचा आहे. पण कोणता मासा कोणत्या पाण्यात राहतो याकडे बारीक लक्ष देण्याची परंपरा दख्खनी दरबारात होती, एवढे त्यावरून नक्की म्हणता येते.

दरबारापेक्षा देवस्थानांनी माशांची काळजी अधिक केली. याच पालघर जिल्ह्यात, वाडा तालुक्यातल्या तिळसे येथे, वैतरणेच्या काठी तिळसेश्वराचे मंदिर आहे. तिथल्या डोहातले महसीर देवाचे मानले जातात. भाविक त्यांना खाऊ घालतात, पकडत कोणी नाही. रायगडात महाडजवळ काळ नदीवरच्या वाळणकोंडीतही तसेच. कोंड म्हणजे नदीपात्रातला खोल डोह. महसीर हा वाहत्या, भरपूर प्राणवायूच्या पाण्याचा मासा. नदी उन्हाळ्यात आकसते तेव्हा त्याला खोल, सावलीतला, खालून झिरपा असलेला डोहच तारतो. नेमका असाच डोह देवाच्या नावाने राखला जावा, हा माझ्या मते निव्वळ योगायोग नाही. ज्यांनी नदीकाठी पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळे काढले, त्यांना कोणता डोह आटत नाही हे ठाऊक होते. उलट बाजूही सांगितली पाहिजे : देवाच्या नावाने जाळे थांबते, पण वर अडवलेले किंवा उपसलेले पाणी त्या नावाने खाली येत नाही.

आधुनिक सार्वजनिक मत्स्यालय आपल्याकडे मद्रासला १९०९ मध्ये आले. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ चे, राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ते उघडले. ज्यांच्या देणगीमुळे त्याला हे नाव मिळाले त्या पारशी दानशूरांचे आडनाव तारापूरचे, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातलेच. मत्स्यालय समुद्राला खेटून बांधले होते. २०१५ मध्ये नूतनीकरणानंतर ते पुन्हा उघडले, पण इमारत धोकादायक ठरल्याने पुढे बंद झाले. मुंबई-ठाणे-पालघरच्या कित्येक पिढ्यांनी पहिला रंगीत मासा तिथे पाहिला आणि परतताना क्रॉफर्ड मार्केटमधून एखादी पिशवी घरी आणली. टाकी घरी आली. तिच्यामागचे समुद्राचे पाणी अर्थातच आले नाही.

मग घरी काय करायचे? बहुतेकांना पहिला आठवतो तो बर्फ. बर्फाला मुंबईत शाही इतिहास आहे. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने गोठलेल्या तळ्यांचा बर्फ भुशात गुंडाळून १८३३ मध्ये कलकत्त्याला पाठवला. पाठोपाठ तो मुंबईला आला, त्यासाठी फोर्टात बर्फघर बांधले गेले, आणि जमशेटजी जीजीभाईंच्या मेजवानीतले आइस्क्रीम शहराच्या गप्पांचा विषय झाले. पण गणित मांडून पाहा. दोन फुटी टाकीत सुमारे ५० लिटर पाणी असते. एक लिटर पाण्याचा बर्फ करून तो तिच्यात पूर्ण वितळवला, तर पाणी जेमतेम दोन अंशांनी उतरते. तेवढेच एक लिटर पाणी टाकीतून वाफ होऊन गेले, तर ते साधारण साडेअकरा अंशांची उष्णता घेऊन जाते. म्हणजे पाचपटीहून अधिक. बाहेरून उष्णता सतत परत येत असल्याने प्रत्यक्ष तापमान इतके पडणार नाही, पण तुलना तीच राहते. जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १७६० च्या दशकात ज्या ‘सुप्त उष्णते’चा हिशेब मांडला, तिच्याच जोरावर आपला माठ शतकानुशतके चालत आला आहे. माठाला घाम येतो. काचेला येत नाही. टाकीला वाफ सोडायला फक्त वरचा पृष्ठभाग असतो आणि त्यावरही आपण झाकण ठेवून दिवा लावतो!

म्हणून उन्हाळ्यात पहिली गोष्ट झाकणाची. ते काढून बारीक जाळी घालावी (मासे उडी मारतात) आणि छोटा पंखा तिरका, पाण्याच्या पृष्ठभागावर वारा जाईल असा लावावा. इथे भूगोल आडवा येतो. वाऱ्याने पाणी हवेच्या ‘ओल्या’ तापमानाखाली उतरू शकत नाही. मराठवाड्यात ४१ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर ही मर्यादा २१-२२ अंशांवर असते. डहाणू-चारोटीच्या बाजूला ३५ अंश आणि ६० टक्के आर्द्रता असली, तर ती साडेअठ्ठावीसच्या आसपास. त्यामुळे विदर्भात कूलर घर गार करतो आणि कोकणात नुसता ओलावा वाढवतो. तरीही ३४ अंशांची टाकी ३० च्या आसपास आली, तर गप्पी-मोलीसारख्या उष्ण पाण्याच्या माशांना तेवढे पुरते. गोल्डफिश पाळायचाच असेल तर घरातली सर्वांत गार खोली त्याची.

बाकीचे लॉइड आणि पाणचक्की सांगतातच. टाकी पश्चिमेच्या भिंतीपासून दूर, शक्यतो जमिनीलगत ठेवावी. मागची आणि बाजूची काच थर्मोकोलने झाकावी, ट्यूडरचा भुसा तो हाच. एअर पंप रात्री बंद करू नये, कारण अंधारात वनस्पतीही प्राणवायू खातात. वीज गेली तर मगाने पाणी उंचावरून टाकीतच ओतत राहावे : घरातली पाणचक्की. खाद्य निम्मे करावे. उडालेल्या पाण्याच्या जागी रोज थोडे, क्लोरीन उडालेले पाणी घालावे. मात्र वाफेबरोबर क्षार जात नाहीत, ते साचत राहतात, म्हणून आठवड्याला थोडे जुने पाणी काढून टाकणेही आले.

बर्फ वापरायचाच झाला तर तो बंद बाटलीत. अबुल फझलने ‘आईन-ए-अकबरी’त सोऱ्याने पाणी गार करण्याची रीत दिली आहे, तिच्यातही बंद भांडे सोऱ्याच्या द्रावणात फिरवतात, गारवा भिंतीतून आत जातो, सोरा जात नाही. बाटली एका वेळी एकच, आणि पाणी तासाभरात दोन अंशांहून अधिक उतरू देऊ नये. दुपारी तीनला घाबरून चार बाटल्या सोडल्या, आणि रात्री टाकी पुन्हा तापली, तर त्या चढउताराचा धक्का माशाला उन्हापेक्षा जड जातो.

औरंगाबादच्या नहरींवर, म्हणजे पाणचक्कीपर्यंत पाणी आणणाऱ्या त्या भूमिगत नळांवर, पुढचा धागा.