नांगराची निशाणी : रात्रीच्या शाळेची एक विसरलेली कहाणी

पुण्याहून नगरच्या रस्त्याने निघाले की भीमा नदीचा पूल लागतो. पलीकडे शिरूर तालुक्यातील कोरेगाव भीमा, अलीकडे पेरणे गावच्या हद्दीत उभा असलेला जयस्तंभ. १ जानेवारी १८१८ च्या लढाईची ती खूण. त्या दगडावर कामी आलेल्या शिपायांची नावे कोरलेली आहेत, आणि मजकूर इंग्रजीबरोबर मराठीतही आहे. दगडावर नाव कोरले जाते ते कोणीतरी वाचावे म्हणून. परंतु हा स्तंभ उभा राहिला त्या काळी भीमाकाठच्या गावांत तो वाचू शकणारी माणसे किती होती? ज्यांच्या बापजाद्यांची नावे तेथे होती, त्यांच्यापैकी किती जणांना ती वाचता येत होती? सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत शेतात, मोटेवर किंवा दुसऱ्याच्या दारात राबणाऱ्या माणसाला अक्षरओळख व्हायची तर ती दिवेलागणीनंतरच होणार. या दिवेलागणीनंतरच्या शाळेचा इतिहास आपल्याकडे फारसा लिहिला गेलेला नाही. तो थोडक्यात सांगावा, एवढाच या लेखाचा हेतू.

निरक्षरतेची किंमत काय असते हे याच मुलखाने एकदा फार जवळून पाहिले आहे. त्या वेळी शेतकरी सावकाराकडून कर्ज घेई तेव्हा खत लिहिणारा दुसराच कोणी असे. दस्तऐवजाच्या तळाशी कुळाचे नाव लेखकच घाली आणि त्यापुढे नांगराचे लहानसे चित्र काढले जाई. 'निशाणी नांगर' हीच कुणब्याची सही. वर काय लिहिले आहे, व्याज किती लावले आहे, मागची फेड जमा धरली आहे की नाही, यांतले काहीही त्याला वाचता येत नसे. ज्या नांगरावर त्याचे पोट चाले, त्याच नांगराच्या चित्राने त्याची जमीन जाई.

१८६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला भाव आला, तेव्हा सावकारांनी हात सैल सोडून कर्जे दिली. युद्ध संपले, भाव कोसळले, त्यातच सरकारने जमीनमहसूल वाढवला आणि कर्जाचा फास आवळला गेला. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे गावी एका सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्यावर हुकूमनामा मिळवून त्यांचे राहते घर पाडण्यास सुरुवात केली. गाव चिडले आणि सावकारांवर बहिष्कार पडला. तो गावोगाव पसरत गेला, आणि १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे भर बाजारात दंगल उसळली. आजच्या दौंड तालुक्याचा मुलूख त्या वेळच्या भीमथडीतच येत असे.

या दंगलीत लक्षात ठेवण्याजोगी एक गोष्ट आहे. लोकांचा मुख्य रोख माणसांच्या जिवावर नव्हता, कागदांवर होता. खते, रोखे, हुकूमनामे मागून घ्यायचे आणि त्यांची होळी करायची, असा क्रम बहुतेक गावी दिसतो. जे वाचता येत नाही ते जाळावे, याखेरीज दुसरा मार्ग त्या माणसांपुढे राहिला नव्हता. पुढे १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. शेतकऱ्याने करून द्यावयाचे खत गावच्या निबंधकासमोर लिहिले जावे, अशी तरतूद त्यात करण्यात आली. म्हणजे शेतकऱ्याच्या वतीने वाचणारा एक माणूस सरकारने नेमला. शेतकऱ्याला स्वतःला वाचता यावे, हा विचार मात्र त्या कायद्यात नव्हता.

तो विचार पुण्यातील एका गृहस्थाने वीसहून अधिक वर्षे आधीच केला होता. जोतीराव फुले यांनी १८५५ साली आपल्या घरीच शेतकरी व कामकरी स्त्रीपुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली. जोतीराव आणि सावित्रीबाई या शाळेत शिकवीत. मुलींची शाळा आणि अस्पृश्य मुलांच्या शाळा यांबद्दल आपण पुष्कळ वाचतो. ही तिसरी शाळा मात्र सहसा एका ओळीत आटोपली जाते. वस्तुतः तिच्यात एक नवी जाणीव होती. शिकण्याचे वय निघून गेले, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही, ही ती जाणीव.

१९ ऑक्टोबर १८८२ ही तारीख घातलेले निवेदन जोतीरावांनी हंटर शिक्षण आयोगापुढे सादर केले. सरकारी तिजोरीत पैसा येतो तो मुख्यतः रयतेच्या घामातून, आणि खर्च होतो तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, अशी त्यांची तक्रार होती. गावच्या शाळेत काय शिकवावे हेही त्यांनी सांगितले आहे : मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य यांवरचे थोडे धडे. यातील 'मोडी' हा शब्द महत्त्वाचा आहे. छापील पुस्तके बाळबोधीत असत, पण खते आणि रोखे मोडीत लिहिले जात. नुसती बाळबोध शिकलेला कुणबी पोथी वाचू शकेल, स्वतःच्या कर्जाचा कागद वाचू शकणार नाही, हे जोतीरावांना पक्के ठाऊक होते. शिक्षणाची सुरुवात शिकणाऱ्याच्या अडचणीपासून व्हावी, हे तत्त्व पुढे जगभरच्या शिक्षणतज्ज्ञांनी मोठ्या ग्रंथांतून मांडले. येथे ते एका साध्या अभ्यासक्रमात आलेले दिसते.

जयस्तंभाकडे पुन्हा वळू. ज्या महार सैनिकांनी कोरेगावला झुंज दिली, त्यांच्या समाजाला पलटणीने पगाराबरोबर अक्षरही दिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा नोकरीबरोबर शाळेचा हा दरवाजाही मिटला. ती भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज-विनंत्या केल्या. १९०८ साली 'सोमवंशीय मित्र' हे मासिक काढणारे हे कांबळे फारसे औपचारिक शिक्षण न मिळालेले, स्वतःच्या हिकमतीने वाचायला शिकलेले गृहस्थ होते. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब जयस्तंभापाशी आले, त्या मेळाव्यामागेही कांबळ्यांची खटपट होती. दगडावरची नावे वाचणारी पिढी अखेर तेथे पोचली. मधल्या काळात विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०५ साली पुण्यात अस्पृश्यांसाठी रात्रीची शाळा उघडली. त्यांचे निराश्रित साहाय्यकारी मंडळ स्थापन झाले ते त्यानंतर, १९०६ मध्ये.

आपल्या वाचकांनी याच मुलखातील आणखी एक स्थळ आठवावे. दौंड तालुक्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशन उभारले. १८९६-९७ च्या दुष्काळात तेथे आसरा मिळालेल्या स्त्रियांत बालविधवा होत्या, अनाथ होत्या, वयाने वाढलेल्याही होत्या. त्यांना अन्नवस्त्र देऊन रमाबाई थांबल्या नाहीत, त्यांनी त्यांना लिहावाचायला शिकवले. पुढे रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर मुक्तीच्याच छापखान्यात, तेथील स्त्रियांच्या हातांनी छापले गेले. ज्यांना काल अक्षर ठाऊक नव्हते त्यांनी आज पवित्र शास्त्राचे खिळे जुळवावेत, याहून मोठे प्रौढशिक्षण कोणते? पंथ वेगळा असला तरी हा वारसा आपण आपला मानायला हरकत नाही.

कॅथोलिक मिशनांत हे काम 'मास्तर' या एका शब्दात सामावलेले होते. नगर जिल्ह्याच्या खेड्यांत मिशनचा मास्तर दिवसा मुलांना शिकवी, संध्याकाळी प्रार्थना चालवी, आणि कोणाचे पत्र आले तर तेही वाचून दाखवी. १९०३ साली फादर हेन्री डोरिंग यांनी 'निरोप्या' मासिक सुरू केले तेव्हा या खेड्यांतील कुटुंबांना मराठीत नियमित वाचावयास मिळू लागले. ही गोष्ट वाटते तितकी लहान नाही, हे पुढच्या हकिकतीवरून ध्यानात येईल.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रात या क्षेत्रातला सर्वांत मोठा प्रयोग झाला तो ग्रामशिक्षण मोहिमेचा. १९५९ साली तो सातारा जिल्ह्यात सुरू झाला. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेने तेथे चाळीस वर्षे जमीन नांगरून ठेवली होती. त्याच वर्षी ९ मे रोजी कर्मवीर निवर्तले. १९६१ पासून मोहीम राज्यभर नेण्यात आली. तिची रीत अगदी साधी होती. गावाने एकत्र बसून संपूर्ण गाव साक्षर करण्याचा निश्चय करावयाचा. शाळामास्तर, शिकलेले तरुण, शाळेतली मोठी मुले यांनी विनामोबदला शिकवायचे. शाळेची खोली, देऊळ, चावडी, कोणाची पडवी, जेथे जागा मिळेल तेथे वर्ग भरवायचा. कंदील, रॉकेल, पाट्या यांची तजवीज गावानेच करायची. सुमारे चार महिन्यांत वाचन, लेखन आणि आकडे शिकवून परीक्षा व्हायची. गाव उत्तीर्ण झाले की 'ग्रामगौरव समारंभ' होई. तोरणे लागत, मिरवणूक निघे, आणि गावकरी ग्रामदैवतासमोर शपथ घेत की शिकलेले टाकणार नाही.

सरकारी तिजोरीवर फारसा भार न टाकता लाखो माणसे या मोहिमेत अक्षरे गिरवू लागली. १९७२ साली युनेस्कोने नादेझ्दा क्रुप्स्काया पारितोषिक देऊन तिचा गौरव केला. महाराष्ट्रातील खेड्यांच्या पडव्यांतून टांगलेल्या कंदिलांचा उजेड पॅरिसपर्यंत दिसला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

आणि तरीही ही कहाणी येथे सुखाने संपत नाही. समारंभाची तोरणे सुकली तशी पुष्कळांची अक्षरेही पुसट झाली. याला शिकणाऱ्यांचा आळस कारण नव्हता. अक्षर हे पेरलेल्या बियाण्यासारखे असते, त्याला पुढे पाणी लागते. गावात वर्तमानपत्र येत नाही, फिरत्या वाचनालयाची पेटी एकदा येऊन पुन्हा येत नाही, रोजच्या व्यवहारात लिहिण्याचा प्रसंग पडत नाही, मग चार महिन्यांत मिळवलेले चार वर्षांत का टिकावे? मोहिमेच्या आखणीत साक्षरता टिकवण्याचा भाग होता. परंतु शपथ घेणे सोपे आणि पुस्तकांची पेटी दर महिन्याला पोचवणे कठीण. म्हणूनच घरात दर महिन्याला येणाऱ्या एखाद्या मासिकाचे मोल मोठे.

दुसरी उणीव वेळेची होती. दिवेलागणीची वेळ पुरुषाला सोयीची खरी, पण बाईची तीच चुलीपुढची वेळ. भाकऱ्या, जेवणे, भांडी, मुलांना निजवणे यांतून ती मोकळी होई तेव्हा कंदील विझण्याची वेळ झालेली असे. रात्रीच्या शाळेने गरिबाला सवड दिली, गरिबाच्या बायकोला दिली नाही, असे कठोरपणे म्हणावे लागते.

या उणिवांचा शांतपणे विचार केला तो पुण्यातच. प्रा. जे. पी. नाईक यांनी १९४८ साली स्थापन केलेली भारतीय शिक्षण संस्था १९७६ मध्ये मुंबईहून पुण्यास आली. तेथे डॉ. चित्रा नाईक यांनी पुणे जिल्ह्याच्या खेड्यांत अनौपचारिक शिक्षणाचे वर्ग उभे केले. दिवसभर गुरे राखणारी, लहान भावंडे सांभाळणारी मुले रात्री दोन तास त्या वर्गांत येत. त्यांत मुलींची संख्या मोठी होती. शिकवणारा गावातलाच, वेळ गावाने ठरवलेली, आणि देखरेखही गावाची. शाळेची घंटा मुलाच्या दिवसाप्रमाणे वाजली पाहिजे, एवढेच त्यामागचे सूत्र होते. २ ऑक्टोबर १९७८ रोजी देशभर राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता अभियान आले, नव्वदीच्या आरंभी सिंधुदुर्ग आणि वर्धा जिल्ह्यांतील मोहिमा गाजल्या. दर वेळी उत्साहाची लाट आली, आणि दर वेळी लाट ओसरल्यावर काय उरते हा प्रश्न तसाच राहिला.

या प्रश्नाचे एक उत्तर दूर कॅनडातील नोव्हा स्कॉशिया प्रांतात सापडते. १९२८ साली अँटिगोनिश गावच्या सेंट फ्रान्सिस झेवियर विद्यापीठाने आपला विस्तार विभाग उघडला आणि फादर मोझेस कोडी त्याचे प्रमुख झाले. कर्जात बुडालेल्या मच्छीमारांना आणि शेतकऱ्यांना त्यांनी रात्री स्वयंपाकघरात एकत्र बसवले. शिकण्याचा विषय एकच : आपले पैसे जातात कोठे? या अभ्यासमंडळांतून पतपेढ्या आणि सहकारी संस्था निघाल्या. तेथले शिक्षण टिकले, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी ते वापरावे लागे. आपल्याकडेही वसईच्या कॅथोलिक समाजाने १९१८ सालीच सहकारी पतसंस्था काढली होती. वही वाचता येणारा सभासद हाच अशा संस्थेचा पाया असतो.

२०११ च्या जनगणनेत पुणे जिल्ह्याची साक्षरता ८६ टक्क्यांवर गेली. राज्यात मात्र पुरुषांचे प्रमाण ८८ टक्के, तर स्त्रियांचे ७६ टक्क्यांच्या आसपास होते. चुलीपुढे राहिलेली बाई अद्याप या आकड्यांत दिसते. मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली तेव्हा साठी-सत्तरी ओलांडलेल्या आज्या पाठीवर दप्तर घेऊन आल्या. त्यांचा वर्ग भरे तो दुपारी, घरकाम आवरल्यावर. दीडशेहून अधिक वर्षांनंतर शाळेने अखेर बाईची वेळ विचारली.

आज पुणे-नगर रस्त्याच्या दोन्ही बाजूंस सणसवाडीपासून रांजणगावपर्यंत कारखाने उभे आहेत. जमिनीचे करारनामे होतात, बचतगटाच्या कर्जाचे फॉर्म भरले जातात, मोबाइलवर आलेला आकडा कोणीतरी फोनवरून मागतो. नांगराची निशाणी गेली, अंगठाही आता बऱ्याच अंशी गेला, सही आली. परंतु सही करणाऱ्या प्रत्येकाला वरचा मजकूर वाचता येतो काय? करड्याच्या आणि सुप्याच्या शेतकऱ्यांपुढे जो प्रश्न होता तो हाच होता.

२०२२ ते २०२७ या काळासाठी केंद्राचा नवभारत साक्षरता कार्यक्रम चालू आहे आणि तोही स्वयंसेवकांवरच विसंबून आहे. आपल्या बहुतेक धर्मग्रामांत एक सभागृह आहे, आठवड्यातील बऱ्याच संध्याकाळी ते बंद असते. आपल्या घरांत महाविद्यालयात जाणारी मुले आहेत, आणि मिस्साच्या पुस्तकाची पाने अंदाजाने उलटणारी एखादी आजी किंवा मावशीही आहे. या दोघांना एका चटईवर बसवायला कोणत्याही मोहिमेची वाट पाहावी लागत नाही. तिला विचारून तिच्या सोयीची वेळ ठरवावी आणि पहिला धडा तिच्याच बँकेच्या पासबुकातून घ्यावा. जोतीरावांनी मोडी शिकवा म्हटले होते, त्याचा आजचा अर्थ हाच आहे.