साक्ष आणि सहवास : टिळक दांपत्याच्या निमित्ताने

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा इतिहास सामान्यतः ग्रंथांच्या आणि संस्थांच्या आधारे लिहिला जातो. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६), अहमदनगरचे ‘ज्ञानोदय’ (१८४२), बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ (१८५७) हे त्याचे ठळक टप्पे होत. त्यांचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु श्रद्धा एका मनातून दुसऱ्या मनात कशी जाते, या प्रश्नाचे उत्तर केवळ छापील साधनांत सापडत नाही. ते रोजच्या व्यवहारात शोधावे लागते. या दृष्टीने नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या चरित्रांइतकी बोलकी सामग्री मराठीत क्वचितच आढळेल.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात टिळकांची एका युरोपीय प्रवाशाशी गाठ पडली. काव्यशास्त्रावरून निघालेले बोलणे धर्माकडे वळले आणि निरोप घेताना त्या गृहस्थाने त्यांना ‘नवा करार’ दिला. त्याचे नाव टिळकांना अखेरपर्यंत कळले नाही. त्याने वाद जिंकला नाही. पुस्तक वाचावे अशी त्याची विनंती होती. टिळकांचे मन ओढून घेतले ते त्या पुस्तकातील डोंगरावरील प्रवचनाने. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाची किंमत मात्र घरातल्या माणसांना मोजावी लागली. धर्मांतराकडे केवळ वैचारिक घटना म्हणून पाहणाऱ्यांनी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ अवश्य वाचावीत. पती हयात असताना ताटातूट, लहान मुलाची काळजी, नातलगांचा धाक आणि लोकांचे बोलणे हे सारे त्यांनी सोसले. काही वर्षांनी त्या पतीकडे परतल्या, त्याही आपला धर्म आणि सोवळे सांभाळूनच. त्यांचा स्वयंपाक आणि पाणी वेगळे राहिले. टिळकांसारख्या उतावळ्या, तापट स्वभावाच्या माणसाने पत्नीवर या बाबतीत सक्ती केली नाही, ही गोष्ट त्यांच्या कोणत्याही प्रवचनापेक्षा मोलाची मानली पाहिजे.

लक्ष्मीबाईंचे मन बदलले ते सिद्धान्ताच्या पटण्याने नव्हे. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि उत्तरही स्वतःच शोधले. मग इतरांच्या हातचे पाणी पिण्याची भीती गेली, सोवळ्याचा आग्रह गळून पडला आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ज्या स्त्रीला विद्वानांची चर्चा फारशी उमगत नव्हती, तिने आपला निर्णय स्वयंपाकघरातील अनुभवाच्या आधारे घेतला. मराठी स्त्रीच्या आत्मनिर्णयाच्या इतिहासातही या घटनेला स्थान आहे.

टिळकांच्या काव्याकडेही याच अंगाने पाहावे लागते. पाश्चात्त्य चालींवरील भाषांतरित गीतांत रुळलेल्या मंडळीत त्यांनी अभंग, भजन आणि कीर्तन आणले. आपण तुकारामाच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, ही त्यांची धारणा होती. शेजाऱ्याला जे सांगायचे ते त्याच्या ओळखीच्या लयीत सांगावे, हा त्यामागील विवेक होता. १९१७ साली मिशनची सेवा सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही स्थान होते. मिशनच्या रचनेला छेद देणारा हा प्रयोग १९१९ साली त्यांच्या निधनाने अपुरा राहिला.

धर्मांतराविषयीचा वाद आपल्या देशात जुना आहे. त्यात सक्तीविषयी आणि आमिषाविषयी उपस्थित होणारे प्रश्न गंभीर आहेत. सांगण्याचा अधिकार आणि नाकारण्याचा अधिकार या दोहोंचा तोल कसा राखावा, हा त्यांतील मूळ मुद्दा होय. टिळकांच्या घरात हा तोल कायद्याने नव्हे, तर सहवासाने राखला गेला. ऐकणाऱ्याला वेळ देणे हाच तेथे साक्ष देण्याचा मुख्य भाग होता. म्हणूनच लक्ष्मीबाईंचा होकार त्यांचा स्वतःचा ठरला, आणि तो त्यांचा स्वतःचा होता म्हणूनच ‘स्मृतिचित्रे’ हे कोणत्याही एका पंथाचे पुस्तक न राहता सर्व मराठी वाचकांचे झाले.