लीडर आणि टिपेट

लीडर आणि टिपेट हे फ्लाय फिशिंग या गळाने मासे धरण्याच्या प्रकारात मुख्य दोरी आणि गळ यांना जोडणाऱ्या दोऱ्याचे दोन भाग होत. लीडर दोरीकडील टोकाला जाड असून गळाकडे निमुळता होत जातो. त्याच्या पुढे बांधलेला, सर्वत्र सारख्या जाडीचा बारीक दोरा म्हणजे टिपेट. महाराष्ट्रात अशा एकपदरी दोऱ्याला तंगूस असेही म्हणतात. तलाव व धरणांचे जलाशय अशा स्थिर पाण्यात या दोऱ्याची निवड विशेष महत्त्वाची ठरते.

कार्य

साधा गळ शिशाच्या वजनाने दूर फेकता येतो. फ्लाय फिशिंगमधील पिसांचे कृत्रिम कीटकरूपी आमिष मात्र अत्यंत हलके असते. म्हणून येथे जाड, लेप दिलेली दोरीच फेकली जाते आणि तिचा जोर निमुळत्या लीडरमधून ओसरत जाऊन आमिष पाण्यावर अलगद उतरते. नदीत वाहणारे आमिष माशाला क्षणभरच दिसते. स्थिर पाण्यात त्याला ते न्याहाळायला पुरेसा वेळ मिळतो आणि दोरा ताणून धरणारा प्रवाहही नसतो. त्यामुळे नेहमीच्या सुमारे २.७ मीटर लीडरऐवजी ३.६ ते ४.५ मीटर लांबी वापरतात. बुडणाऱ्या दोरीबरोबर मात्र लीडर १.२ ते १.८ मीटरच ठेवतात, कारण लांब लीडरमुळे आमिष दोरीच्या वरच्या थरात तरंगत राहते आणि बुडणारी दोरी घेण्याचा हेतूच फसतो.

साहित्य

पूर्वी घोड्याच्या शेपटीचे केस आणि नंतर रेशीमकिड्याच्या रेशीमग्रंथी ताणून केलेला धागा वापरत. स्पेनमधील मुर्सिया हे या धाग्याचे प्रसिद्ध केंद्र होते. तो वापरण्यापूर्वी भिजवून मऊ करावा लागे. १९३८ मध्ये ड्यूपाँ कंपनीने नायलॉन जाहीर केल्यावर त्याची जागा नायलॉनने घेतली. जपानच्या कुरेहा कंपनीने १९७१ मध्ये फ्लुरोकार्बनचा दोरा बाजारात आणला.

नायलॉनची घनता सुमारे १.१४, तर फ्लुरोकार्बनची सुमारे १.७८ आहे. म्हणून पृष्ठभागावरील आमिषासाठी नायलॉन आणि खोल पाण्यासाठी फ्लुरोकार्बन सोयीचा. फ्लुरोकार्बनचा अपवर्तनांक (सुमारे १.४२) पाण्याच्या १.३३ या अपवर्तनांकाला अधिक जवळचा असल्याने तो कमी दिसतो. अदृश्य मात्र होत नाही, जाहिराती काहीही म्हणोत. नायलॉन पाणी शोषून काहीसा कमकुवत होतो, पण तो मऊ असतो व त्याची गाठ सहज बसते. कोणतीही गाठ आवळण्यापूर्वी ओली करतात, अन्यथा घर्षणाच्या उष्णतेने दोरा तेथेच तुटतो.

जाडी

टिपेटची जाडी 'एक्स' या मापाने सांगतात. ११ मधून एक्सचा आकडा वजा केला की जाडी इंचाच्या सहस्रांशात मिळते. ३ एक्स म्हणजे ०.००८ इंच (सुमारे ०.२० मिमी) आणि ५ एक्स म्हणजे ०.००६ इंच (सुमारे ०.१५ मिमी). गळाच्या क्रमांकाला ३ ने भागून एक्सचा अंदाज घेण्याचा प्रघात आहे. १२ क्रमांकाच्या गळाला ४ एक्स. दोऱ्याची ताकद साधारणतः जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणून थोडा बारीक दोरा घेतला तरी ताकद बरीच घटते. दोरा तुटला की मासा तोंडात रुतलेल्या गळासह निघून जातो. दिसू नये म्हणून दोरा बारीक करण्याला येथेच मर्यादा पडते.

बुलढाणा जिल्ह्यातील जलाशय

बुलढाणा जिल्ह्यात नळगंगा (मोताळा तालुका), पेनटाकळी (मेहकर तालुका) आणि खडकपूर्णा (देऊळगाव राजा तालुका) हे मोठे जलाशय आहेत. लोणार सरोवराचे पाणी खारे व अल्कधर्मी आहे. राज्यातील जलाशयांत मासेमारीचा हक्क सामान्यतः सहकारी मच्छीमार संस्थांना ठेक्याने दिला जातो, त्यामुळे हौशी गळकऱ्यालाही परवानगी घ्यावी लागते. फ्लाय फिशिंग या भागात रुजलेले नाही. संस्थांचे सभासद प्रामुख्याने नायलॉनच्या उभ्या ताणलेल्या जाळ्यांनी रोहू, कटला, मृगळ हे मासे धरतात. बारीक धाग्याचे जाळे माशाला कमी दिसते, पण लवकर फाटते. टिपेट निवडतानाची अडचण हीच.

अशा जलाशयांत ऋतूनुसार दोरा बदलावा लागतो. पावसाळ्यात काळ्या मातीने पाणी गढूळ होते. तेव्हा जाड दोराही माशाला फारसा दिसत नाही. हिवाळ्यात गाळ खाली बसल्यावर तिलापियासारख्या लहान माशासाठी ४ ते ५ एक्सचा दोरा योग्य ठरतो. उन्हाळ्यात पातळी उतरते, दोरा खडकांवर व बुडालेल्या खोडांवर घासतो, आणि बारीक टिपेट टिकत नाही. पाणवनस्पतींत दडणाऱ्या मरळ माशाला दात असतात व तो गळ लागताच वनस्पतींत शिरतो, त्याच्यासाठी ०.३० मिमीहून जाड दोरा लागतो, मग पाणी कितीही नितळ असो.

टाकाऊ दोरा

फ्लुरोकार्बन पाणी शोषत नाही आणि सूर्यप्रकाशातही फारसा कुजत नाही. त्याची टिकाऊ म्हणून वाखाणली जाणारी हीच बाजू काठावर टाकलेल्या दोऱ्यात घातक ठरते, कारण त्यात पाणपक्ष्यांचे पाय अडकतात. म्हणून गाठ बांधताना उरलेली टोके गोळा करून, लांब तुकडे बारीक कापून, कचऱ्यात टाकली जातात.