आज्ञापर्याय, अक्षरजुळणीतील
संगणकाद्वारे अक्षरजुळणी करताना मूळ मजकुरात फेरफार न करता त्याचे मुद्रित रूप बदलण्यासाठी, आज्ञावलीच्या नावापुढे आज्ञेच्या ओळीतच ज्या सूचना देतात त्यांना आज्ञापर्याय म्हणतात. त्यांच्या विकासात ‘ट्रॉफ’ या आज्ञावलीला महत्त्वाचे स्थान आहे.

मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत जेरोम सॉल्त्झर यांनी १९६४ मध्ये ‘रनऑफ’ ही मजकुराची मांडणी करणारी आज्ञावली रचली. तीत मांडणीच्या सूचना मजकुरातच, टिंबाने आरंभ होणाऱ्या ओळींत लिहीत. याच परंपरेत अमेरिकेतील बेल प्रयोगशाळांत जोसेफ ओसाना यांनी १९७३ च्या सुमारास युनिक्स प्रणालीसाठी ट्रॉफ तयार केली. छायाचित्रण तत्त्वावर अक्षरे उमटविणारे जुळणी यंत्र तिच्याद्वारे चालविले जाई.

मजकुरातील सूचना प्रत्येक छपाईस लागू होते. परंतु काही गरजा त्या त्या छपाईपुरत्याच असतात. त्यांसाठी उणे चिन्हालगत एक रोमन अक्षर लिहून पर्याय देत. ‘ओ’ या पर्यायाने ५ व ८ ते १२ एवढीच पृष्ठे काढता येत, ‘एन’ने पहिल्या पृष्ठाचा क्रमांक ठरे, ‘आर’ने अंक साठविणाऱ्या रजिस्टरास मूल्य मिळे, तर ‘एम’ने तयार सूचनांचा मॅक्रोसंच जोडला जाई. ‘एमएम’ या मॅक्रोसंचात पृष्ठाची लांबी, ओळीची रुंदी व डावा समास अशा प्रकारे ठरविता येई. ‘सी’ या रजिस्टरास ३ हे मूल्य दिल्यास पृष्ठाच्या तळाशी ‘कच्चा मसुदा’ या अर्थाचा शब्द छापला जाई. ही मूल्ये मॅक्रोसंच वाचला जाण्यापूर्वीच ठरणे आवश्यक असल्याने ती सामान्यतः आज्ञेच्या ओळीतच देत.

ओसाना यांच्या निधनानंतर (१९७७) ब्रायन कर्निहॅन यांनी ट्रॉफचे पुनर्लेखन केले व तिला एकाच यंत्राच्या बंधनातून मुक्त केले. त्यामुळे ‘टी’ या पर्यायाने मुद्रणसाधनाचे नाव देणे शक्य झाले. जेम्स क्लार्क यांच्या ‘ग्रॉफ’ने (१९९०) ही पद्धती पुढे चालविली.

या सोयीबरोबर एक उणीवही आली. पर्याय मजकुरात नोंदलेले नसतात. त्यामुळे मूळ मजकूर जपला, तरी आज्ञेची ओळ हरवल्यास पूर्वीसारखीच प्रत पुन्हा काढता येईल याची खात्री राहत नाही. स्टुअर्ट फेल्डमन यांची ‘मेक’ (१९७६) ही आज्ञावली येथे उपयोगी पडली. कारण तिच्या फाइलीत संपूर्ण आज्ञा लिहून ठेवता येते. मुद्रित रूपाची जबाबदारी मजकूर व आज्ञा यांत विभागली गेल्याने दोहोंचे जतन करणे अगत्याचे ठरले.