दारावरचा आकडा: १०७९८४

मंडळी, मुलांना गोएथे विद्यापीठाचा वेस्टएंड कॅम्पस दाखवायला नेलंत, तर ती अवाढव्य इमारत बघून लगेच परत फिरू नका. आवारात झाडांजवळ एक छोटं घर आहे. दारावर नाव नाही, नुसता आकडा. आउशवित्झमध्ये नॉर्बर्ट वोल्हाइम यांच्या हातावर गोंदलेला.

ती मोठी इमारत म्हणजे आय. जी. फार्बेन या रसायन कंपनीचं पूर्वीचं मुख्यालय. आउशवित्झजवळ मोनोविट्झला कंपनीने कारखाना काढला आणि कैद्यांना राबवलं. वोल्हाइम त्यातलेच. त्यांची बायको आणि तीन वर्षांचा मुलगा १९४३ मध्ये मारले गेले.

१९५१ मध्ये त्यांनी कंपनीवर सरळ दावा लावला, मजुरीचा आणि सोसलेल्या हालांचा मोबदला द्या म्हणून. १९५३ मध्ये फ्रँकफर्टच्या कोर्टाने १०,००० मार्क मंजूर केले. कंपनी अपिलात गेली. १९५७ मध्ये तडजोड झाली आणि इतर मजुरांसाठी मिळून ३ कोटी मार्क सुटले. सीए म्हणून सांगते, रक्कम किरकोळच. पण गुलामाची मजुरी हे कंपनीचं 'देणं' आहे, हे कोर्टात ठरलं, ही नोंद मला मोठी वाटते. (पुढे वोल्हाइम अमेरिकेत अकाउंटंटच झाले!)

स्मारक २००८ चं, कलाकार हायनर ब्लूम. बागेत कैद्यांचे छळछावणीआधीचे फोटो लावलेत, घरच्यांसोबतचे, हसरे. मुलांना आधी ते दाखवा, मग तो आकडा. आत वाचलेल्यांच्या मुलाखती ऐकता येतात. त्या मात्र मोठ्या मुलांसाठीच.